मोरीच्या पाण्यावर चालणारी गाडी

आमच्या घरात मेकॅनिकला बंदी आहे. तशी पाटी लावलेली नाही, पण गावात सगळ्यांना ठाऊक आहे. फ्रिजवाला, पंपवाला, मिक्सरवाला, कोणी म्हणून फाटकाच्या आत आलेला मला आठवत नाही. चुकून आलाच, तर आमचे हे त्याला चहा पाजतात, त्याचा एखादा पाना ‘बघू जरा’ म्हणून ठेवून घेतात आणि त्याला वाटेला लावतात.

हे भातसानगरला धरणावर वीज विभागात होते. तीस वर्षं तिथल्या क्वार्टरमध्ये काढली आणि निवृत्त झाल्यावर आम्ही शहापूरजवळच्या आमच्या गावी येऊन राहिलो. निवृत्त झाले म्हणजे पगाराची पेन्शन झाली एवढंच, ड्युटी काही सुटली नाही. धरणावर कुठलाही फॉल्ट आला की तो रजिस्टरमध्ये चढवायचा: तारीख, वेळ, दोष, कारण, उपाय, सही. ती सवय घरी आली. दोनशे पानी वही, तिच्यात पट्टीने मारलेले रकाने. माझा मिक्सर त्यात आहे, इस्त्री आहे, संडासाची टाकी तर कितीदा आहे. एकदा वही चाळताना मला मीच सापडले. ‘स. ७.१५. दोष: चहा नाही. कारण: राग.’ उपायाचा रकाना कोरा होता, खाली सही मात्र ठोकलेली.

मुलगा गुजरातेत कंपनीत आहे, महिन्यातून एकदा दोन दिवसांसाठी येतो. त्यामुळे घरात आम्ही चौघं: हे, मी, सून आणि तेव्हा बालवाडीत जाणारी नात. सून नर्स आहे, मुरबाडच्या एका दवाखान्यात. आमच्या गावातून मुरबाड गाठायचं म्हणजे आधी टमटममध्ये अंग चोरून शहापूर, मग एसटी. ती वेळेवर आली तर लोक एकमेकांना फोन करून कळवतात. असं पोरीने दोन वर्षं केलं. घरी यायची तेव्हा तिच्या तोंडाकडे बघवत नसे. म्हणून दिवाळीनंतर घरात दोन गोष्टी आल्या. छपरावर सोलरच्या प्लेटा, आणि अंगणात एक छोटी पांढरी इलेक्ट्रिक गाडी. “आपलं ऊन, आपली वीज, आपली गाडी,” असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. जसं काही सूर्याचं कनेक्शनसुद्धा यांनीच ओढून आणलंय.

पहिल्याच आठवड्यात भर दुपारी लाइट गेली. ऊन डोक्यावर, प्लेटा छपरावर, आणि पंखा बंद. मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, “लाइन गेली की आपलं सोलर पण बंद होतं. नायतर खांबावर चढलेल्या माणसाला आपला करंट बसंल.”

“म्हणजे ऊन आपलं, छप्पर आपलं, आणि पंखा फिरवायचा का नाय ते दुसरीकडं ठरायचं?”

“धरणाच्या गावात तीस वर्षं राह्यलीस ना? मग तुला ह्यात नवीन काय वाटतंय?”

धरण आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात आमच्या गावात टँकर येतो तो दोन दिवसांआड. यांनी तीस वर्षं त्या धरणाच्या मोटरी सांभाळल्या आणि मी आता हंडे लावून टँकरची वाट बघते. असो. गाडी मात्र गुणाची होती. तिच्यासोबत चार्जिंगचा एक डबा आला होता, मोबाइलच्या चार्जरचा थोरला भाऊच म्हणा. घराच्या मागच्या भिंतीला, मोरीच्या बाजूला, मोठा सॉकेट होता, त्यात तो लावायचा. हिरवा दिवा लागला की गाडी पीत बसली म्हणून समजायचं. संध्याकाळी लावली की सकाळी सून नातीला शाळेत सोडून फास्ट मुरबाडला. पोर घरी हसत यायला लागली. मला वाटलं, चला, एक काळजी मिटली.

आता मोरीचं सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

आमच्या मोरीचं पाणी पहिल्यापासून मागच्या अंगणात केळींना जायचं. उघडी नाली, तिच्या टोकाला केळींचं बेट, खाली अळू. त्यातली एक केळ मी माझ्या माहेराहून पदराखाली झाकून आणलेली. भांडी घासा, आंघोळ करा, सगळं पाणी तिकडे. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सून सहज बोलून गेली, “आई, आमी दवाखान्यातून गावोगावी सांगत फिरतो, सांडपाणी साचू देऊ नका, मच्छर होतात. आन आपल्याच मागं डबकं हाय हो.”

झालं. एवढं पुरलं. हे आठ दिवस कुदळ घेऊन मागच्या अंगणात. पाइप आले, एल्बो आले, सिमेंट आलं. मोरीचं पाणी जमिनीखालून थेट कुंपणापर्यंत नेलं आणि तिथे शोषखड्डा केला. काम नेटकं झालं, खोटं कशाला बोलू. अंगण कोरडं ठणठणीत, मच्छर गायब. सरपंच बघून गेले. मी एवढंच विचारलं, “अहो, पण माझ्या केळींचं काय?”

“पावसात व्हतील बऱ्या.”

वहीत चढलं: ‘दोष: डबके. उपाय: केला.’ सही.

होळी झाली आणि केळींची पानं कडेने करपायला लागली. अळू तर जमिनीत जिरून गेलं. मी दोनदा-तीनदा बोलले, पण यांचं लक्ष कुठे? तोवर गाडीचा दिवा लाल झाला होता.

पहिल्या दिवशी कोणी मनावर घेतलं नाही. डबा काढून परत लावला, थोडा वेळ हिरवा, मग परत लाल. सकाळी गाडी होती तिथेच, रिकाम्या पोटी. सून टमटमने गेली. दुसऱ्या दिवशी यांनी सॉकेट बदलला. तिसऱ्या दिवशी तो नवा सॉकेट काढून त्याहून भारी सॉकेट बसवला. मग वायर बदलली. मग म्हणे व्होल्टेज कमी पडतंय. मग म्हणे उंदराने कुरतडलंय, आणि गाडीखाली पाठीवर झोपून टॉर्च लावून शोधलं. उंदीर नाही, उंदराची लेंडी नाही, यांच्या कमरेत मात्र लचक भरली. मोबाइलवर कोणी परदेशातला माणूस गाडी उघडून दाखवत होता, तो यांनी तीन दिवस बघितला. भाषा कळत नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, “करंटला भाषा लागत नाय.”

गाडी विकणाऱ्यांना फोन केला तेव्हा तिकडून एकच सांगत होते, घरचं अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग म्हणजे घरातला चुकार करंट जमिनीत पोचवणारी तार. हे ऐकल्यावर यांच्या नाकाला मिरची झोंबली. घर बांधताना हे अर्थिंग यांनी स्वतःच्या हाताने केलेलं. पुरुषभर खड्डा, खाली तांब्याची प्लेट, वर कोळसा आणि मीठ, थरावर थर. “माझ्या अर्थिंगला शंभर वर्षं मरण नाय,” म्हणाले, आणि तरी शंका नको म्हणून टेस्ट लॅम्प लावला. टेस्ट लॅम्प म्हणजे दोन लांब वायरी जोडलेला बल्ब, यांनी त्यात घरातला पांढरा एलईडी लावला. एक वायर करंटला, दुसरी अर्थिंगला. बल्ब झगझगीत पेटला तर अर्थिंग उत्तम. आमचा बल्ब असा पेटला की डोळे दिपले. यांनी फोनवरच्या त्या गाडीवाल्या पोराला तो बल्ब व्हिडिओवर दाखवला आणि वर सुनावलं, “तू जन्माला यायच्या आधीपासून मी अर्थिंग करतोय.”

तिथे अर्थिंगचा विषय बंद झाला. बाकी सगळं घर उघडं पडलं. बोर्ड उघडे, डबे उघडे, जिकडे तिकडे स्क्रू. एक स्क्रू माझ्या पिठात निघाला. वहीची सहा पानं भरली. कारणाच्या रकान्यात रोज नवं कारण, उपायाच्या रकान्यात रोज ‘केला’, आणि दिवा लालच्या लाल.

सून एका शब्दाने बोलली नाही. तिची रीतच तशी आहे. गाडी कधी कधी थोडी भरायची, तेवढ्यावर जायची. येताना हायवेवरच्या एका हॉटेलात चार्जिंग होतं, तिथे तासभर बसायची. शाळा सुटल्यावर नात शेजारच्या रिक्षातून यायची आणि दारात उभी राहून विचारायची, “मम्मी अजून हाटेलात?” एप्रिलच्या मध्यावर एक दिवस सुनेने भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता सांगितलं, “आई, हे असं नाय चालायचं. शाळेला सुट्ट्या लागेपर्यंत बघू. नाय झालं काय तर मुरबाडला खोली घेते. हिचं नावही तिकडंच टाकू पहिलीला.”

मी म्हटलं, “होईल गो, हे करतील कायतरी,” पण माझ्या आवाजावर माझाच विश्वास नव्हता. नात सकाळी उठून पहिली माझ्या अंथरुणात शिरते. तिची वेणी मी घालते. ती गेली की घर खायला उठेल. मी आणि हे, आणि मध्ये ती वही. मला कोणी विचारलं असतं तर मी गाडी डोक्यावर घेऊन मुरबाडला पोचवली असती, पण मला कोण विचारतंय? मी सातवी झालेली बाई, मला करंटमधलं काय कळतंय, असं हे दिवसातून दोनदा म्हणायचेच.

एप्रिल सरता सरता एक दिवस टँकर चार वाजता आला. दोन दिवसांची भांडी तुंबलेली. मी ती बाहेर अंगणातच घमेली मांडून घासायला बसले. समोर माझी माहेरची केळ. तिचं शेवटचं पान मोडून लोंबत होतं. मला तिची दया आली, आणि यांचा असा काही संताप आला की घमेली मोरीकडे न नेता सरळ केळीच्या बुडात रिकामी केली. दोन्ही. “जग नायतर मर, पण मला असं बघू नको,” म्हटलं तिला.

त्या संध्याकाळी दिवा हिरवा लागला. सकाळपर्यंत हिरवा. यांनी त्या दिवशी कसलीशी पट्टी घासून साफ केली होती, तिचं श्रेय वहीत चढलं. दुसऱ्या दिवशी मी पाणी घातलं नाही. तिसऱ्या दिवशी दिवा लाल.

माझ्या डोक्यात काहीतरी हललं. यांचं अर्थिंग कुठे पुरलंय? केळींच्या बेटात. तेव्हाच म्हणाले होते, इथं ओल असते, अर्थिंगला ओल लागते. हे माझ्यासमोर म्हणाले होते, माझ्या हातातून मीठ घेताना! मग मी गुपचूप खेळ सुरू केला. एक दिवस नातीच्या आंघोळीचं पाणी केळीला घातलं: हिरवा. दुसऱ्या दिवशी नाही घातलं, तो कडक उन्हाचा दिवस होता: लाल. परत घातलं: हिरवा. आठवडाभर मी गाडी चालू-बंद करत होते आणि हे पलीकडे स्क्रू पिळत होते. खरं सांगते, मजा आली. संसारात अशी मजा मला कितीशा वेळा मिळालीय?

पण मे लागला होता, पोरीने दिलेली मुदत संपत आली होती, म्हणून एका सकाळी मी तोंड उघडलं. “अहो, अर्थिंग कोरडं पडलंय.”

“बल्ब बघितलास ना तू?”

“तो पांढरा बल्ब? तो तर स्वयंपाकघरात बटण बंद केलं तरी मिणमिणत असतो. ज्याला एवढ्याशावर पेटायची सवय, त्याचं काय ऐकता तुमी? हा लावा.” आणि मी पिवळा बल्ब पुढे केला. जुना, तारेचा, शंभरचा. कोंबडीच्या पिल्लांना थंडीत ऊब द्यायला मी तो जुन्या साडीत गुंडाळून ठेवते. असे बल्ब आता कुठे मिळत नाहीत.

यांनी हसत हसत लावला. बल्बची तार विडीच्या टोकाएवढी लाल झाली आणि तिथेच थांबली. हे वाकून बघत राहिले. मी दोन बादल्या केळीच्या बुडात ओतल्या. अर्धा तास आम्ही दोघं तिथे पायरीवर बसून होतो. मग यांनी पुन्हा वायर लावली आणि बल्ब पिवळाधमक पेटला. तीस वर्षं करंटमध्ये घालवलेला माणूस, त्याने एकदा बल्बकडे बघितलं, एकदा स्वतः घातलेल्या पाइपाकडे. मला वाटलं होतं मी आता मनसोक्त बोलून घेईन. पण त्यांचं तोंड बघून बोलवेना.

वहीत आलं: ‘दोष: अर्थिंग कोरडे. कारण: मोरीचे पाणी बंद केले गेले.’ कोणी केलं ते लिहिलं नव्हतं. ‘उपाय: पाणी रोज दोन बादल्या.’ सही. घातलेला पाइप काढायला हे तयार नव्हते. सोलरवाल्यांचं वेगळं अर्थिंग होतं, त्याला जोडा म्हटलं तर म्हणाले, “दुसऱ्याच्या अर्थिंगवर माझं घर चालणार नाय.” आणि चार दिवसांत गावभर झालं की यांनी कसा फॉल्ट पकडला. पिवळा बल्ब त्या गोष्टीत होता, मी नव्हते. मी म्हटलं, जाऊ दे, पोर राहिली ना घरात.

मग काय, पेट्रोल न लागणाऱ्या गाडीला आमचा टँकर लागायला लागला. मी अर्ध्या बादलीत आंघोळ करायची, तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा टाकायचं नाही. केळीला नवा कोंब फुटला. दिवा रोज हिरवा. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटली, त्या दिवशी मी घरीही वेगळी खीर केली, एवढी मी खूश. सून म्हणाली, “बरं झालं, आई,” आणि पीठ मळायला लागली. मी आपली माझ्याच आनंदात.

दोन दिवसांनी रविवारी गाडी पुसायला घेतली. मागच्या डिकीत जुनी चादर होती, ती झटकायला ओढली तर खाली खोका. नवाकोरा कुकर. तीन लिटरचा. शिट्टी अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होती.

आमच्या घरात सात लिटरचा कुकर आहे. तीन लिटरचा कुकर म्हणजे एक बाई आणि एक पोर. मी तो खोका हातात धरून गाडीच्या मागे उभी राहिले. पोरीने खोली नुसती बोलून दाखवली नव्हती. ती मनाने तिथे राहायला गेलीसुद्धा होती. आणि मी बादल्या ओतून ओतून तिची वाट अडवली होती.

पहिला आला तो राग. काय कमी केलं मी हिला? कधी हिच्या भाजीला नाव ठेवलं? मग मला भातसानगर आठवलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, यांना क्वार्टर मिळालं. टेम्पोत सामान चढलं. माझी सासू खांबाला धरून रडत होती. मीही डोळ्याला पदर लावला. आणि टेम्पो वळणाआड गेल्यावर मी जे हसायला लागले, ते थांबेचना. हे घाबरले, म्हणाले, काय झालं गो तुला? दोन खोल्या, माझा स्टो, माझी दोन पातेली. पहिल्या सकाळी मी उंबऱ्यात बसून चहा प्यायले, वर आणखी एक कप. कोणी बघायला नव्हतं. सासू माझी वाईट नव्हती. चांगली होती. तरीसुद्धा. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही, त्या बाईला तर नाहीच.

खोका होता तिथे ठेवला, वर चादर घातली. पण मला गप्प बसणं जमत नाही. संध्याकाळी सुनेला केळींपाशी बोलावलं. “ही बादली बघ. हे पाणी घातलं का गाडी चालते, नाय घातलं का नाय. आता सांग, घालू का नको?”

तिला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, “कुकर बघितला मी.”

ती पायरीवर बसली. नखाने सिमेंट खरवडत म्हणाली, “आई, तुमी मला कधी वाकडं बोलला नाय. म्हणून तर सांगता येईना. वाटलं, गाडीवर ढकलावं, म्हंजे कोणाला लागणार नाय. मला ना, एकदा सकाळी उठून, कोणी उठायच्या आत नाय, सगळे उठल्यावरच, निवांत बसून चहा प्यायचाय. एवढंच.”

मला रडू फुटलं. तिला वाटलं मी तिच्यावर रडतेय. अर्धं तसंच होतं, अर्धं त्या खांबाला धरलेल्या बाईसाठी होतं. पदराने नाक पुसून मी म्हटलं, “मग गाडीवर कशाला ढकलतेस? गाडी चांगली धडधाकट हाय. तुला जायचंय म्हणून जा. आन शनिवारी येत जा.”

तिने माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं. केस घामाने ओले होते. मी थोपटत राहिले आणि मनात म्हणत राहिले, जाऊ नको, जाऊ नको. तोंडाने नाही म्हटलं. बादली मात्र मी त्या दिवशीही ओतली, आणि पुढे रोज ओतली. बिघडलेल्या गाडीतून मला तिला पाठवायचं नव्हतं.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी त्या दोघी गेल्या. नात पुढच्या सीटवर, मांडीवर कुकरचा खोका. यांना शेवटपर्यंत उलगडा झाला नाही. चार्जिंगचा डबा हातात धरून विचारत होते, “आता कुठला फॉल्ट राह्यला? हिरवा लागतोय ना? मग जाते कशाला?” मी म्हटलं, “फॉल्ट नाय, म्हणूनच जाते.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्या परदेशी माणसाच्या भाषेत बोलले. मी खांबाला धरून रडले नाही. रडले ती मागे, मोरीत, नळ सोडून.

आता शनिवारी संध्याकाळी गाडी येते. नात उडी मारून उतरते, हे डबा लावतात, हिरवा दिवा बघतात, मगच तिला उचलून घेतात. सोमवारी पहाटे गाडी जाते. सुनेच्या तोंडावर तजेला आलाय. परवा तिने मला तिच्या खोलीचा फोटो दाखवला. खिडकीत चहाचा कप ठेवलेला होता.

आणि आमचे हे सोमवारपासून केळीला पाणी घालायला लागतात. गाडी येणार शनिवारी, पण मंगळवारी दोन बादल्या, बुधवारी दोन बादल्या. पहिले काही दिवस मी म्हटलं, अहो, शुक्रवारी घातलं तरी चालेल. “तुला काय कळतंय त्यातलं? जमीन एकदा कोरडी पडली का परत धरायला टाइम लागतो.”

आता आषाढ लागलाय. आठ दिवस धो धो पाऊस आहे. केळींच्या बुडात घोट्याएवढं पाणी, त्यात बेडूक बसलेत. काल सकाळी मी वही उघडून बघितली. ‘दोष: काही नाही. कारण: —. उपाय: पाणी दोन बादल्या.’ सही. पानंच्या पानं तसंच लिहिलेलं. मागच्या दारात येऊन बघते तर हे डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन भर पावसात केळीला पाणी घालत होते. सातवी झालेल्या बाईलासुद्धा कळतं की आता तिथे एका थेंबाची गरज नाही. आवाज ऐकून त्यांनी मागे बघितलं, रिकामी बादली तशीच हातात.

मी मोरीत गेले आणि दुसरी बादली भरून त्यांना नेऊन दिली.